अण्णांची मिडल वॉच

डोंबिवली,
१२ जानेवारी

प्रिय सुध्या,

फोनवर तू ‘अण्णा कसे गेले रे?’ विचारलंस आणि मी ‘शांतपणे’ म्हणून मोकळा झालो. घरात माणसं, तेराव्याची गडबड, बोलणं जमेना. काल ताई गेली, आता घर रिकामं झालंय, म्हणून सावकाश लिहितोय.

तुला त्यांचं कुकरचं वेड आठवतं? आई आत स्वयंपाकाला, हे गॅलरीत पेपर वाचत, आणि शिट्टी व्हायच्या आधीच तिथून ओरडायचे, “अगं, रिंग गेलीय, वाफ बाजूनं जातेय!” नेव्हीत पंधरा वर्षं स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवर होते, कान वाफेलाच लागलेले. आपण मात्र चाळभर सांगत सुटायचो की, आमच्या अण्णांनी ‘विक्रांत’वरून विमानं उडवली. त्यांनी ती एकाहत्तरची लढाई डोळ्यांनी पाहिलीच नाही रे. ते खाली होते.

हे सगळं त्यांनी सांगितलं तेही फार उशिरा, आणि तुकड्यातुकड्यानं. ‘विक्रांत’च्या बॉयलरच्या वॉटर ड्रमना तडे गेले होते. १९७० सालीच सापडले होते, वेल्डिंग करून भागणारं दुखणं नव्हतं. तरी दाब कमी ठेवून तिला बंगालच्या उपसागरात नेली. डेकवरून विमान उडायचं तर जहाजाला वेग हवा, वेगाला वाफ हवी, आणि वाफ फार वाढवायची सोय नाही! ४ डिसेंबर १९७१ला वरून सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर जात होती आणि खाली पंचवीस वर्षांचे अण्णा दाबाच्या काट्याकडे बघत उभे होते. भीती नाही वाटली का, मी विचारलं. म्हणाले, “काटा हलला असता तर वाटली असती.”

भीती वाटली ती आईला, इकडे देवगडला. जहाज कुठे आहे ते कोणालाच कळू द्यायचं नव्हतं, अंदमानात दडवून ठेवलं होतं. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ‘विक्रांत’लाच शोधत विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथे बुडाली. मग ९ तारखेला दीवजवळ आपली ‘खुकरी’ युद्धनौका गेली. आमच्या घरी बाजारातून बातमी पोचली ती एवढीच, की आपलं जहाज बुडालं. नाव नाही. आई दोन दिवस जेवली नाही. नंतर कधीतरी अण्णांचं पत्र आलं : सर्व खुशाल, कलमांना मोहोर आला का?

ते दोन दिवस अण्णांच्या मनातून कधी गेले नाहीत. भाजी आणायला निघाले तरी ‘सव्वासातला येतो’ सांगून जायचे आणि सात वाजून दहा मिनिटांनी दारात हजर. आपण हसायचो.

१९७९ला पेन्शनीत निघून गिरणीच्या बॉयलरवर लागले. १८ जानेवारी १९८२ला संप झाला, ती गिरणी परत सुरू झालीच नाही. पुढचं तुला माहीतच आहे, त्या वर्षी शाळेची फी तुझ्या बाबांनी भरली होती. अण्णांनी ती हप्त्याहप्त्यानं फेडली, तेव्हा बाबा रागावलेही होते. हट्टी होतेच ते. २०१४ला ‘विक्रांत’ मुंबईत दारुखान्याला, जिथे जुनी जहाजं मोडतात तिथे, तोडायला काढली तेव्हा चार दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. पुढे तिच्या पोलादातून बजाजनं मोटरसायकल काढली. शेजारच्या पोरानं ती घेतली, तर हे रोज जाता-येता टाकीवर हात ठेवायचे. पोराला वाटायचं, आजोबांना चक्कर मारायची आहे!

आता खरी गोष्ट. आई सहा वर्षं अर्धांगानं पडून होती. रात्री जागायच्या पाळ्या, त्यांच्या जहाजी भाषेत वॉच, अण्णांनीच ठरवल्या होत्या. आठ ते बारा मी, बारा ते चार ते, चार ते आठ माझी बायको. मिडल वॉच सगळ्यात वाईट, म्हणून ती कायम त्यांच्याकडे. आई गेली त्या रात्री त्यांनी आम्हाला चारला उठवलं, “गेली” म्हणाले. आत्ताच गेली, असंच आम्ही धरून चाललो.

परवा त्यांची काळी ट्रंक उघडली. वर डांबराच्या गोळ्या, खाली पांढरा गणवेश, आणि त्याखाली शाळेच्या वह्या. प्रत्येक रात्र जहाजावरच्या नोंदीसारखी लिहिलेली : पाणी दिले. कूस बदलली. शांत झोप. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय :

०३२० श्वास मंद.
०३३५ थांबला.
०४०० पोरांना उठवले.

पंचवीस मिनिटं, सुध्या. वॉच त्यांची होती.

अण्णा गेले तेव्हा पावणेतीन झाले होते. मी लगेच सगळ्यांना हाका मारल्या.

वही मी ठेवलीय. मे महिन्यात येशील तेव्हा दाखवतो. देवगडला जाऊ, कलमांकडे या वर्षी कोणी बघितलेलंच नाही.

तुझा,
बाळ्या