गिरणगावाचे दालन उभारण्याआधी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोलापूरच्या गिरणगावाच्या आठवणींचे दालन उभारण्याचा तुम्हा मंडळींचा विचार तुझ्या पत्रावरून समजला आणि सोबतचा आराखडाही सावकाश वाचला. त्यात चिमणी आहे, भोंगा आहे, १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलची छायाचित्रे आहेत. कामगार मात्र समूहचित्रातल्या डोक्यांपुरतेच आले आहेत.

गिरण्या बंद पडल्या म्हणून सोलापुरातले विणकाम बंद पडले, अशी समजूत त्या आराखड्यात नकळत शिरली आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबांनी पूर्व भागात हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालविले. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर अजूनही तिथेच विणली जाते. दालनात चादर काचेआड घडी घालून ठेवू नका. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा कसा होतो, हे लोकांना उलटून पाहू द्या आणि मागावरच्या जेकार्डच्या पत्त्यांना पाडलेल्या भोकांतून ती नक्षी कशी उतरते, हे एखाद्या जुन्या जाणत्या कारागिराकडून समजावून घ्या.

तुझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, आडवे सूत वाहून नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी बसवायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून सुताचे टोक श्वासाने बाहेर ओढायचे. पाळीत हे असंख्य वेळा चाले आणि सुताबरोबर तूसही छातीत जाई. त्यांचा खोकला आम्ही घरात बिडीच्या माथी मारीत असू. कामगारांच्या कौशल्याचा गौरव करताना त्या कौशल्याची ही किंमतही लिहिली पाहिजे, एरवी ते दालन मालकांच्या तसबिरींइतकेच गुळगुळीत होईल.

विडी कामगार स्त्रियांचा तर आराखड्यात उल्लेखच नाही. मांडीवर सूप घेऊन, भिजवलेले पान कात्रीने कापून, हजार विड्या वळायच्या आणि त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढलेल्या पाहायच्या, अशा मजुरीवर पूर्व भागातली कित्येक घरे गिरणीच्या पगाराशिवाय तगली. याच स्त्रियांनी संघटनेच्या बळावर सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत स्वतःची दहा हजार घरे उभी केली. माझ्या मते एखादी चिमणी वाचविण्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचे दालन तुम्ही वेगळे काढले आहे, ते कामगारांच्या दालनाला जोडून घ्या. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करीत. शहराचा लढा आणि गिरणीची पाळी यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

गड्ड्याच्या यात्रेला येशीलच, तेव्हा दत्तनगरपासून कुंभारीपर्यंत आपण बरोबर फिरू. मराठीइतकीच तेलुगू आणि कानडी जाणणारे कोणी सोबत घे, कारण म्हाताऱ्या बायका मनातले त्याच भाषांत सांगतात. आणि मुलाखतीसाठी बसणाऱ्या प्रत्येकीच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करून ठेव. तिची मजुरी नगावर ठरते, त्यामुळे आपल्याशी बोलण्यात गेलेला वेळ तिच्या कमाईतून जातो.

तुझे,
बाबा