टेलिफोनची तार भंगारात काढण्याआधी मोजून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी जुन्या शासकीय इमारतींची डागडुजी निघाली, की रंगाच्या डब्यांआधी टेलिफोनची तार बाहेर येते. शाळा, वसतिगृह, दवाखाना, कर्मचाऱ्यांची वसाहत, सगळीकडे हेच. ‘आता फायबर आले, हिचे काय काम?’ असे म्हणून ती उपसली जाते आणि तांब्याच्या भावाने विकली जाते. मी टेलिफोन खात्यात केबल स्प्लायसर होतो. सगळी नोकरी या तारा जोडण्यात गेली. म्हणून कळकळीने लिहितो, की ती तार काढण्याआधी एकदा मोजून घ्या. अंतर कमी असेल आणि जोडी (एका फोनसाठी लागणाऱ्या दोन तारा) चांगली असेल, तर तीच तार आजही सेकंदाला 50 ते 100 मेगाबिट वाहून नेते.

फायबरला माझा विरोध नाही. लांबच्या अंतराला फायबरच हवे, आणि नवीन बांधकामात तांबे टाकायचे कारण नाही. मी बोलतो आहे ते आधीच जमिनीत असलेल्या, पैसे मोजून झालेल्या केबलीबद्दल.

लोकांच्या मनात तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट म्हणजे 2005 नंतर घरोघर आलेले ब्रॉडबँड. तेव्हा 256 किलोबिटच्या वर गेले, की सरकारी व्याख्येने ते ब्रॉडबँड ठरत असे (ती मर्यादा 2013 मध्ये 512 किलोबिट झाली आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट). मशीन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि घर तिथून चार-पाच किलोमीटरवर. मधे पिलर (रस्त्यावरची जोडणीची पेटी), डीपी (घराजवळची वाटणीची पेटी), खांबावरून घरात येणारी ड्रॉप वायर आणि कितीतरी जॉइंट. एवढ्या लांबीवर एडीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तेव्हाच्या तंत्राचा, वेग एक-दोन मेगाबिटवर येणारच. तांबे बदनाम झाले ते या लांबीमुळे. तीच जोडी तीनशे मीटरची असेल, तर हिशेबच बदलतो.

बोलण्याच्या आवाजाला साधारण 3400 हर्ट्झपर्यंतचीच जागा लागते. तारेची त्यावरची सगळी जागा पूर्वी रिकामी पडून असे. एडीएसएलने ती 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत वापरली आणि तिचे 256 बारीक पट्टे केले. प्रत्येक पट्ट्यावर गोंगाट किती, हे मॉडेम आधी तपासतो आणि जिथे तार स्वच्छ तिथे जास्त माहिती भरतो, जिथे खराब तिथे कमी. एडीएसएल-2 प्लस 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत गेले आणि त्याचा वेग 24 मेगाबिटपर्यंत पोचला. त्याच घराण्यातले पुढचे व्हीडीएसएल-2 तर 17, काही प्रकारांत 30 मेगाहर्ट्झपर्यंत जाते. 2014 अखेर मंजूर झालेल्या जी-डॉट-फास्ट या मानकाने 106 मेगाहर्ट्झ गाठले, आणि शंभर मीटरच्या आत ते एका जोडीवर गिगाबिटच्या आसपास जाऊ शकते. अट एकच, ती अंतराची. लहरी जितक्या जलद, तितक्या त्या तारेत लवकर विरतात. म्हणून व्हीडीएसएल-2 तीनशे मीटरवर शंभर मेगाबिटच्या जवळ असते, किलोमीटरवर त्याच्या निम्म्याहून खाली येते, आणि दीड किलोमीटरच्या पुढे त्याचा एडीएसएल-2 प्लसपेक्षा फारसा फायदा उरत नाही.

आता आपल्याकडची गरज पाहा. भारतनेट या सरकारी प्रकल्पाची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत यावी, अशी योजना 2011 पासून चालू आहे. तालुक्याच्या गावात ती कॉलेजच्या किंवा रुग्णालयाच्या मुख्य कचेरीपर्यंत येते. पुढे काय? वसतिगृह दोनशे-अडीचशे मीटरवर. मधे सिमेंटचा रस्ता, तो फोडायला परवानगी मिळत नाही. साध्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर. वायफाय जुन्या दगडी भिंतीपुढे हात टेकते. मात्र कचेरीपासून वसतिगृहापर्यंत दहा जोड्यांची टेलिफोन केबल पूर्वीच गाडलेली असते, कारण वॉर्डनच्या खोलीत फोन होता.

अशाच एका आवारात निवृत्तीनंतर मला बोलावले होते. कचेरीतल्या फायबरच्या राउटरला व्हीडीएसएलचे एक यंत्र लावले, वसतिगृहात दुसरे, आणि मधे ती जुनी जोडी. पहिल्या दिवशी जोडणी सारखी तुटत होती. वॉर्डनच्या खोलीतून भिंतीमागून दोन पॅरलल लाइनी काढलेल्या सापडल्या, एक स्वयंपाकघरात आणि एक जिन्याखाली. दोन्हींच्या टोकाला फोन नव्हता, पण तारा जोडलेल्याच होत्या. अशा मोकळ्या फाट्याच्या टोकावरून लहर आपटून परत येते आणि मूळ लहरीत मिसळते. बोलण्याच्या आवाजाला त्याचा त्रास होत नाही, म्हणून इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. फाटे कापले, मुख्य जोडी सरळ रोझेटवर (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीवर) घेतली, आणि जोडणी टिकली. त्या वसतिगृहातली मुले स्पर्धा परीक्षांच्या आणि नीटच्या तयारीची आहेत. लातूरला शिकवणीसाठी जाऊन राहणे त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग न तुटता चालणे केवढे मोलाचे आहे, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे.

अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर उत्साहाच्या भरात कोणीतरी पैसे घालवून बसेल.

पहिली आपली काळी माती. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि जमिनीतला जॉइंट दरवर्षी ओढला जातो. जेली भरलेल्या केबलीत पाणी सहसा शिरत नाही, जॉइंटमध्ये मात्र शिरते. जिथे जॉइंट यूवाय कनेक्टरने (तारा जोडायच्या जेली भरलेल्या छोट्या टोपीने) दाबून नीट बंद केला आहे तिथे वीस वर्षांनीही जोडी ठणठणीत सापडते. जिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली आहे तिथे तांबे हिरवे पडलेले असते. त्यावर फोनची घंटा वाजेल, पण व्हीडीएसएल चालणार नाही.

दुसरी वीज. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको. तांब्याची तार तो झटका थेट यंत्रापर्यंत आणते, फायबर आणत नाही. दोन्ही टोकांना चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर नसेल तर हा उद्योग करूच नये. उघड्या शेतातून खांबांवर गेलेल्या लाइनीसाठी मी तर फायबरच सुचवीन.

तिसरे म्हणजे एकाच केबलीत अनेक जोड्यांवर व्हीडीएसएल चालवले, की एकीचा गोंगाट दुसरीत उतरतो. पूर्वी बोलताना ‘क्रॉस लागायचा’, शेजारच्या लाइनीवरचे बोलणे ऐकू यायचे, त्याचेच हे भावंड. त्यावर व्हेक्टरिंग हा उपाय 2010 मध्ये मानकात आला. एकीचा गोंगाट दुसरीत किती येणार हे आधी मोजून त्याच्या उलट लहर पाठवतात. त्याची यंत्रे महाग पडतात. वसतिगृहाला एक-दोनच जोड्या लागणार असतील तर त्याची गरज नाही.

‘सगळ्या जगाने तांबे सोडले’ असे सांगितले जाते, तेही थोडे नीट पाहावे. फ्रान्सने तांब्याचे जाळे 2030 पर्यंत बंद करायचे ठरवले आहे, हे खरे. ब्रिटनने ठरवलेली जानेवारी 2027 ची मुदत मात्र आवाजाच्या जुन्या यंत्रणेसाठी आहे. रस्त्यावरच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढे घरापर्यंत तांब्यावर व्हीडीएसएल, या पद्धतीने तिथली लाखो घरे वर्षानुवर्षे चालली. जर्मनीने व्हेक्टरिंग मोठ्या प्रमाणावर वापरले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनीही घरोघर फायबर पोचेपर्यंत जुनी तार कामाला लावली. आपण ती आधी उपसतो आणि मग फायबरच्या मंजुरीची वाट पाहतो.

मोजणीला खर्च जवळजवळ नाही. आधी दोन्ही टोकांची सगळी यंत्रे सोडवावीत, कारण मेगरचा (जास्त दाब देऊन तारेचा रोध मोजणाऱ्या यंत्राचा) दाब मॉडेम जाळतो. मग मेगरने दोन तारांमधला आणि प्रत्येक तार व जमीन यांमधला रोध पाहावा. आकडा मेगओहममध्ये यायला हवा. किलोओहममध्ये आला तर कुठेतरी पाणी आहे. त्यानंतर पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र करून साध्या मल्टीमीटरने लूपचा, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण तारेचा, रोध मोजावा. 0.5 मिलिमीटर जाडीच्या जोडीला किलोमीटरमागे साधारण 170 ते 180 ओहम येतात, 0.4 च्या जोडीला सुमारे 280. त्यावरून खरी लांबी कळते, आणि आकडा वर-खाली नाचत असेल तर सैल जॉइंट कळतो. यंत्र लावल्यावर मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली मोकळीक) पाहावे. ते 6 डेसिबलच्या खाली घसरत असेल तर जोडी बदलावी. दहा जोड्यांत दोन-तीन तरी चांगल्या निघतात, असा माझा अनुभव आहे.

शिक्षणाधिकारी, समाजकल्याण आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे, की डागडुजीच्या अंदाजपत्रकात ‘जुनी टेलिफोन वायरिंग काढणे’ या बाबीआधी ‘जोड्यांची तपासणी’ ही एक ओळ घालावी. आवारात खोदकाम करणाऱ्यांनी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे 2023 पासून असलेले सरकारी अ‍ॅप वापरावे, म्हणजे राहिलेली केबल तरी तुटणार नाही.

परभणी, सेलू, जिंतूर, मानवत या भागात एखाद्या शाळेला किंवा वसतिगृहाला अशी तपासणी करून हवी असेल तर आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवावा. माझा मेगर चालू आहे, मी स्वतः येऊन मोजून देईन. त्याचे पैसे घेणार नाही. फक्त केबलीचे दुसरे टोक कुठे निघते हे माहीत असलेला एक जुना शिपाई किंवा माळी त्या दिवशी हजर ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केबल स्प्लायसर,
परभणी