दोन ओळींमधला रिपोर्ट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालंय, हल्ली सगळ्यांनाच असतं." बारा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणून रिपोर्ट फाइलीत सरकवला होता. काल तो शोधून काढला. यकृताच्या ओळीखाली छापलंय, "दोन्ही किडन्या नॉर्मल." मी तेवढंच वाचून खूश झालो होतो.

गेल्या वर्षी लघवीला फेस यायला लागला, पाणी ओतलं तरी बसेना. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, नॉर्मल आलं. पण लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, जे एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं, ते ३४० निघालं. तीन महिन्यांनी पुन्हा केलं, तेच. किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते यकृताचं, तेव्हा मी चक्रावलोच.

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंतेच ते. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात. यकृतात चरबी साचली की इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर सरकतात, अंगात बारीक सूज धुमसत राहते, बहुतेकदा जोडीला बीपीही. हा मार त्या गाळण्यांवर बसतो आणि प्रथिन गळू लागतं. आता यकृतानं किडनी बिघडवली, की वाढलेल्या पोटानं दोघांनाही, या वादात मी पडत नाही. मधुमेह नसलेल्यांतही दोन्ही दुखणी जोडीनं सापडतात, मला एवढं पुरे. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचं वैद्यकीय नाव बदलून त्यात 'मेटाबॉलिक', म्हणजे चयापचयाचा, हा शब्द आणला, तो उगीच नाही.

क्रिएटिनिन उशिरा जागं होतं. किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं. म्हणून लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी मागून घे, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, किती आहे तेही बघ. यकृताचं म्हणशील तर ग्रेडवरून फक्त चरबी किती ते कळतं, व्रण पडलेत का ते नाही. त्यासाठी वय, रक्तातली एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात. डॉक्टरांना म्हण, ते दोन मिनिटांत काढतील.

तुझं वजन ८४. त्यातले सहा ते आठ किलो उतरले तर यकृतावरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. तुझ्या आईनं माझ्यासाठी आणलेली 'लिव्हर साफ' करणारी पावडर अजून कपाटात तशीच आहे, तिला तिथेच राहू दे. आणि पाठ दुखली की तू आयबुप्रोफेन चघळल्यासारखं खातोस, ते आधी बंद कर. किडनीला ते मुळीच मानवत नाही.

मला आता बीपीची गोळी चालू आहे. गेल्या खेपेला लघवीतल्या अल्ब्युमिनचा आकडा २१० वर आला, मी कागद चार वेळा उलटून पाहिला.

तुझा रिपोर्ट आला की फोटो पाठव. पूर्ण पानाचा.

तुझे,
बाबा