चामड्यावरचे चट्टे: दोष रंगाचा नव्हे

संपादक महोदय,

हाताने बनवलेल्या पाकिटावर किंवा पट्ट्यावर रंगाचे चट्टे दिसले की सगळे खापर रंगाच्या बाटलीवर फुटते, आणि उपाय म्हणून त्याच बाटलीतला रंग पुन्हा वर चढवला जातो. त्याने चट्टे आणखी गडद होतात, जात मात्र नाहीत. चामड्याच्या तयारीविषयी नवशिक्यांना कुणी धड सांगत नाही, म्हणून हे पत्र.

रंग खोलवर मुरतो तो झाडाच्या सालीत कमावलेल्या, वर काहीही न चढवलेल्या चामड्यात. चामडे तसे आहे का, हे पाण्याचा एक थेंब सांगतो. थेंब लगेच जिरून जागा काळपट झाली तर काम होईल. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर पृष्ठभागावर मेण, तेल किंवा फिनिश, म्हणजे वरून चढवलेला संरक्षक थर, आहे. हा थेंब एकाच जागी टाकून भागत नाही. पोटाकडच्या भागाचे तंतू सैल असल्याने तिथे रंग जास्त ओढला जातो, मानेकडच्या सुरकुत्यांत तो साचतो, आणि पाठीचा घट्ट भाग सर्वांत सारखा रंगतो. एका वस्तूचे दर्शनी तुकडे म्हणूनच एकाच चामड्याच्या एकाच भागातून कापावेत आणि एकाच भांड्यात कालवलेल्या रंगाने, एकाच बैठकीत रंगवावेत.

रंगवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले पांढरे फडके सगळ्या तुकड्यावरून फिरवावे. बोटांचे तेलकट ठसे डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंग लागताच फिकट होऊन उमटतात. गोंदाचा डाग त्याहून वाईट. तिथे रंग शिरतच नाही आणि घासून काढायला गेलात तर दाणा, म्हणजे चामड्याचा वरचा गुळगुळीत थर, जातो. त्यामुळे आधी रंग, मग गोंद आणि शिलाई.

यापुढची तयारी रंग कोणता आहे त्यावर ठरते. स्पिरिटचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, रंग टेकवताक्षणी सुकू लागतो, म्हणून पहिला फटका जिथे पडतो तिथे गडद ठिपका राहतो. यावर उतारा म्हणजे आदल्या दिवशी नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा, अगदी पातळ हात. तळहाताएवढ्या तुकड्याला तीन-चार थेंब पुरतात. तेल सगळीकडे पसरायला 12 ते 24 तास द्यावेत. जास्त झाले तर चामडे रंगाआधीच काळवंडते आणि रंग नीट धरत नाही. पाण्यात विरघळवलेल्या रंगाला तेल नको. तिथे ओल्या स्पंजने चामडे सारखे दमट करून घ्यावे आणि वरचे पाणी जिरले की रंग लावावा.

रंग बाटलीतून तसाच्या तसा कधीच लावू नये, हे आमचे ठाम मत आहे. स्पिरिटच्या रंगाच्या एका भागाला त्याच जातीच्या पातळकाचे, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवाचे (थिनरचे), दोन भाग घालावेत. असे तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच सारखे बसतात. बोळा रंगात बुडवला की आधी रद्दी कापडावर टिपून घ्यावा. पहिला हात आडवा, दुसरा उभा, नंतरचे गोल गोल. तुकडा पुरा होईपर्यंत मध्ये थांबू नये, नाहीतर सुकलेल्या कडेवर नवा रंग चढून पट्टा उमटतो. ओला रंग नेहमी गडद दिसतो. छटा ठरवायची तर त्याच चामड्याच्या कात्रणावर, तीही सुकल्यावर आणि फिनिश लावल्यावर.

तरीही चट्टा आलाच तर फिकट जागेवर तेवढाच रंग टिपत बसू नका, तिथे कडा दिसेल. पूर्ण तुकडा पातळकाने पुसून आधीचा रंग सगळीकडे पसरवावा आणि एक छटा गडद जावे.

सुकवताना उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नये. 24 तासांनी कोरड्या कापडाने, कापडाला रंग लागेनासा होईपर्यंत घासावे. काळा रंग याला सर्वांत जास्त वेळ घेतो. पृष्ठभागावर हिरवट-तांबूस चकाकी दिसली तर ती न मुरलेल्या रंगाची भुकटी असते आणि तीच पुढे कपड्यांना लागते. स्पिरिट चामड्यातले तेल ओढून घेतो, म्हणून तुकडा कडक वाटल्यास तेलाचा हलका हात द्यावा. शेवटचे फिनिश पाण्याचे असेल तर पहिला हात न रगडता, एकदाच फिरवून लावावा. रगडले की खालचा रंग सुटून बोळ्यावर येतो आणि सारखा बसलेला पृष्ठभाग पुन्हा ओरबाडल्यासारखा दिसतो.

आपले,
चामड्याच्या वस्तू बनवणारे काही कारागीर