सूचना: गाडीचं नाव आणि डोक्यावरचं हेल्मेट

मंडळी, रविवारच्या राईडची यादी करतेय. गाडीचं टोपणनाव आजच कळवा. सध्या तीन 'वाघिणी' आहेत, मागच्या राईडला "वाघीण, थांब!" म्हटलं तर तिघीही थांबल्या, आणि चेन सैल झाली होती ती 'म्हातारी' पुढे निघून गेली! नाव छोटं ठेवा, इंटरकॉमवर वाऱ्यात लांबलचक नाव कळत नाही.

आता हेल्मेट. पडलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी वापरू नका. आतला थर्माकोलसारखा थर धक्का झेलताना दबतो आणि परत फुगत नाही. हेल्मेट तपासणारी संस्था स्नेल फाउंडेशन दर ५ वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतं. युरोपीय ईसीई मानकाचं असेल तर पट्ट्यावरचं लेबल बघा: 'पी' म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षक, 'जे' म्हणजे हनुवटी उघडी. फ्लिप-अपवर (हनुवटीचा भाग वर उचलता येतो ते हेल्मेट) 'पी' आणि 'जे' ही दोन्ही अक्षरं एकत्र नसतील, तर तो भाग वर करून गाडी चालवू नका. (हो, फोटोसाठीसुद्धा.)

पट्टा बांधून डोकं हलवा, हेल्मेट एकटंच फिरलं तर माप मोठं आहे. निघण्याआधी मी प्रत्येकाचा पट्टा ओढून बघणार आहे, रागावू नका.