कचऱ्यातलं सोनं आधी काट्यावर ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात कचऱ्यापासून वीज, गॅस आणि खत करायच्या नव्या प्रोजेक्टची बातमी वाचली. अमुक टन कचरा, तमुक मेगावॉट, आणि वर 'कचऱ्यातून सोनं' हे हेडिंग, जे मी शाळेत असल्यापासून वाचतोय. मी काही इंजिनियर नाही. पण हडपसरच्या बाजूला आमची ४४ फ्लॅटची सोसायटी आहे आणि तिचं कचरा खातं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे कमिटीत दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि रिटायर माणसाला उद्योग काय, तर मी भंगारवाल्याकडून एक जुना ताणकाटा आणला आणि रोज सकाळी ओल्या कचऱ्याचं वजन करून वहीत लिहायला लागलो. बायको म्हणते, एवढ्या नियमाने कधी स्वतःचं वजन केलं नाहीत.

त्या वहीतून एक गोष्ट कळली ती बातमीत कधी नसते. आमचा ओला कचरा एरवी रोज पंचवीस-सव्वीस किलो भरतो, जुलैत तोच पस्तीसच्या पुढे जातो. माणसं तेवढीच, जेवण तेवढंच, मग वाढतं काय तर पाणी, आणि थोडी मक्याची कणसं. डबे जिन्याबाहेर, झाकणं कोणी लावत नाही, पाऊस आत. शहराचं याहून वेगळं काय असणार? म्हणजे उघड्या कुंडीतला कचरा पावसाळ्यात प्लांटवर जातो तेव्हा आपण टनावारी पैसे मोजतो ते बऱ्यापैकी पावसाच्या वाहतुकीचे.

आता हे पाणी जाळायला न्यायचं म्हणजे काय ते बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशे किलोकॅलरीच्या वर उष्णता लागते. शंभर किलो कचऱ्यात निम्मं पाणी धरलं तर तीस हजार किलोकॅलरी नुसतं ते वाळवण्यातच गेली, वीज नंतर. हे आज कळलंय असंही नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्राचा प्लांट बसवला होता, रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज मिळणार होती. त्याला किलोमागे साधारण १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता आणि दिल्लीचा निघाला सहाशे-सातशेचा, कारण डेन्मार्कच्या डब्यात पॅकिंग असतं आणि आपल्या डब्यात भाजीची देठं, चहाचा चोथा, कोयी नि झाडलेली माती. तीनच आठवडे चालला म्हणे. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत सरकारनेच लिहिलं की किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, रिसायकल न होणारा कचरा डेपोत टाकू नका, वीज वगैरेसाठी वापरा. म्हणजे जाळायचं ते हे, सगळं नाही.

आपल्या शेजारी मोशीला ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडचा ७०० टन, १४ मेगावॉटचा प्लांट सुरू झाला. मी त्याच्या विरोधात नाही. पण तिथे, किंवा कुठेही, भट्टी नीट पेटायला जे लागतं ते म्हणजे प्लास्टिक, पुठ्ठा, कापड, आणि यातलं चांगलं प्लास्टिक नि पुठ्ठा पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई आधीच वेगळं काढून विकतात, त्यावर त्यांचं घर चालतं. हे काम आजचं नाही, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि 'स्वच्छ' ही त्याच महिलांची सहकारी संस्था. उद्या भट्टीला रोज इतके टन द्यायचेच असा करार झाला आणि कचरा कमी पडला, तर घास कोणाच्या हातातून जाणार हा प्रश्न रिपोर्टमध्ये कितव्या पानावर असतो? शिवाय जाळल्यावर सगळं गायब होतं असं वाटतं लोकांना, तसं नाही हो, राख उरते आणि तिलाही जागा लागतेच.

गॅसचं मात्र मला पटतं, आणि त्याला कारण इंदूर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्लांट सुरू झाला, क्षमता १७ हजार किलो सीएनजीची, वर शंभर टन खत. भागाकार केला तर सुमारे ३२ किलो कचऱ्यात एक किलो गॅस. (आमची अख्खी सोसायटी मिळून दिवसाला एक किलोही नाही! हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा बी विंगचे एक काका म्हणाले, मग कशाला एवढी मेहनत.) ओल्या कचऱ्यातलं पाणी इथे आड येत नाही, उलट गॅस करणाऱ्या जंतूंना ते लागतंच, म्हणून आपल्याकडच्या कचऱ्याला हा रस्ता सोयीचा. फक्त त्यात डायपर, काच, पिशवी नको. इंदूरने आधी घराघरात सहा प्रकारचा कचरा वेगळा करायला लावला आणि मग प्लांट बांधला. आपण आधी फीत कापतो आणि मग पत्रकं वाटतो.

पण इंदूरचाही हिशोब पूर्ण बघा. तिथली कंपनी महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देते अशी बातमी होती, आणि ते फार कौतुकाने सांगतात, सांगावंच. साडेपाचशे टन गुणिले ३६५, म्हणजे दोन लाख टन, टनाला झाले सव्वाशे रुपये. तोच टन घरोघर फिरून गोळा करायचा, गाड्या, डिझेल, ड्रायव्हर, पगार, सगळं धरलं तर खर्च याच्या कितीतरी पट. म्हणजे देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेतलं तरी ते सोनं वगैरे नाही, खर्चातली थोडी सूट आहे. मला ती सूट मान्य आहे, कारण दुसरा पर्याय उरुळी देवाची आणि फुरसुंगी आहे, म्हणजे पुण्याचा कचरा डेपो जिथे झाला ती गावं. शहराने कचरा करायचा आणि शेजारच्या गावाने आपल्या विहिरी नासवून घ्यायच्या, तो खर्च कोणाच्या बजेटमध्ये धरला होता? तोही मांडा ना तक्त्यात, मग चांगला प्रोजेक्ट तोट्यातला दिसणारच नाही.

खताबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे हात पोळलेत. बिल्डरने सोसायटीला कचऱ्याचं खत करायचं मशीन दिलं होतं, ते आधी भुसा मागायचं, मग पावडर मागायचं, मग वीज खायचं आणि मग मेकॅनिक मागायचं. वर्षात बंद. आता विटांचे तीन हौद आहेत, सुका पाला घालतो, ताक शिंपडतो, चालतंय. शंभर किलोमागे सतरा-अठरा किलो खत हातात येतं, बाकी सगळं वाफ आणि वायू होऊन गेलं. गेल्या वर्षी बरीच पोती झाली. गावी चुलतभावाला म्हटलं फुकट घेऊन जा, तर तो म्हणाला दादा, टेम्पोचं भाडं कोण देणार? त्याचं गणित सोपं आहे. ४५ किलोची युरियाची गोणी अडीचशे-पावणेतीनशेला मिळते आणि त्यात वीस किलोच्या वर नत्र. आपल्या खतात नत्र जेमतेम टक्काभर, म्हणजे तेवढ्या नत्रासाठी दोन टन टाकायला लागणार. आता खत हे नत्रासाठी नसतंच, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढावा, ओल धरून राहावी म्हणून असतं, हे त्यालाही कळतं, पण टेम्पोवाला कर्बावर भाडं घेत नाही. केंद्राने २०१६ मध्ये शहरी खताला टनामागे १,५०० रुपयांची मदत जाहीर केली होती ती यासाठीच. आणि दुसरं म्हणजे काच. एकदा त्याने दुसरीकडचं शहरातलं खत नेलं होतं, भात लावताना बायकांच्या पायात काचा गेल्या, तेव्हापासून शहराचं खत म्हटलं की हात जोडतो.

तर म्हणणं एवढंच की नव्या प्रोजेक्टचा रिपोर्ट येईल तेव्हा तुमच्या वार्ताहरांनी मेगावॉट विचारू नये. कचऱ्याचा सँपल कुठल्या महिन्यात घेतला ते विचारावं. जानेवारीतला असेल तर फाईल परत पाठवा. गाडीतून काढला की हॉटेलच्या मागून ते विचारावं. खताचं गिऱ्हाईक कोण, किती किलोमीटरवर, त्याने लेखी दिलंय का. कचरा कमी पडला तर दंड कोणाला. आणि प्लांट बंद पडला त्या दिवशी गाड्या कुठे रिकाम्या होणार, हे तर सगळ्यात आधी, कारण फुरसुंगीकरांना त्याचं उत्तर पाठ आहे.

आमची वही आहे, कोणाला लागली तर फोटो काढून देईन. जुलै २०२३ ची चार पानं भिजलीत, तेवढी सोडून सगळं वाचता येतं.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे