वार्तापत्र कसं हवंय ते आधी आम्हाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या महापालिकेचं चार पानी वार्तापत्र आजवर पेपरात घालून घरोघरी यायचं. यंदा एप्रिलपासून छापील अंक बंद केला आणि आता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. छपाईचा खर्च वाचणार हे मला कळतं, पण कोणाला काय सोयीचं पडेल हे एकाही घरी विचारलं नाही आणि त्याचाच राग येतोय म्हणून हे पत्र.

मी 36 फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पहिली पीडीएफ वॉर्डाच्या ग्रुपवरून आमच्या ग्रुपवर सकाळी आली, मग दोघांचे वाढदिवस, लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी, कोणाची तरी हरवलेली चावी, दुपारपर्यंत ती पीडीएफ कुठल्या कुठे वर गेली. आत तिसऱ्या पानावर घरपट्टीच्या सवलतीची शेवटची तारीख होती. तळमजल्यावरचे काका दरवर्षी तेवढं कात्रण कापून कॅलेंडरला टाचून ठेवतात. यंदा कात्रणच नाही त्यामुळे तारीख गेली आणि सवलतही गेली. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला त्या पैशांची किंमत असते हो.

काहीजण म्हणतात मग चॅनल काढा. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅनल आपल्याकडे सप्टेंबर 2023 मधे आले, ग्रुपसारखी 1024 जणांची मर्यादा त्यात नाही आणि आपला नंबर बाकीच्यांना दिसत नाही हे चांगलंच आहे. पण त्यातले मेसेज चॅटमधे येत नाहीत, वेगळ्या अपडेट्सच्या टॅबमधे जातात आणि आमच्याकडचे निम्मे ज्येष्ठ त्या टॅबवर कधी बोट ठेवत नाहीत. शिवाय चॅनल सुरू करताना कंपनीनेच सांगितलं होतं की जुने मेसेज त्यांच्या सर्व्हरवर फक्त 30 दिवस राहतील. वार्तापत्र तर लोक सहा महिन्यांनी शोधतात, झाड छाटायची परवानगी कुठे मिळते, दाखल्याला काय कागद लागतात असल्या गोष्टींसाठी.

एसएमएसचं म्हणाल तर इंग्रजी मेसेजमधे 160 अक्षरं मावतात पण मराठीत 70च, आणि तीसुद्धा काना मात्रा वेलांटी वेगळी मोजून. त्यात फारतर "उद्या पाणी येणार नाही" एवढं बसेल, वार्तापत्र नाही. अचानक पाणी बंद होणार असेल तर एसएमएस आणि घंटागाडीचा भोंगा हेच बरं, ते वार्तापत्राचं कामच नाही.

मला स्वतःला विचाराल तर ईमेल आवडेल कारण तो शोधता येतो. पण इथेही एक गोम आहे, जीमेलमधे मेल साधारण 102 केबीच्या वर गेला की खालचा भाग कापून लपवला जातो आणि पूर्ण बघायला वेगळं क्लिक करावं लागतं. मराठीचं एकेक अक्षर कॉम्प्युटरमधे इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं, म्हणजे ही मर्यादा आपल्याला लवकर लागणार. तेव्हा अख्खा अंक मेलमधे कोंबू नका, ठळक गोष्टी आणि तारखा लिहा, बाकीचं वेबसाइटवर ठेवा.

पीडीएफबद्दल अजून एक. आमच्या मजल्यावरच्या मावशींना दिसत नाही, त्या फोनला वाचायला लावून ऐकतात आणि बातम्या, मेसेज सगळं त्यांना ऐकता येतं. या पीडीएफमधे मात्र फोन काहीतरी भलतंच बडबडतो, कारण अंक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे केलेला आहे, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसतं पण फोनला आत भलतीच अक्षरं सापडतात. कागदाचा अंक त्यांची सून वाचून दाखवायची, आता तोही नाही. युनिकोडमधे टाईप करायला जास्तीचा एक पैसा लागत नाही, एवढं तरी करा!

मागे कोणीतरी सुचवलं होतं की घरपट्टीच्या बिलासोबत वार्तापत्र पाठवा. पण घरपट्टी सहामाही, एप्रिल आणि ऑक्टोबरची, आणि बिल येतं मालकाच्या नावावर. आमच्या 36 पैकी 11 फ्लॅटमधे भाडेकरू आहेत, पाणीही तेच भरतात आणि कचराही तेच देतात, त्यांच्यापर्यंत ते पोचणारच नाही. बिलासोबत वार्तापत्र नको, फक्त एक छोटा फॉर्म पाठवा. कागद, ईमेल की व्हॉट्सअ‍ॅप, जे हवं त्यावर खूण करायची. तोच फॉर्म वॉर्ड ऑफिसात आणि महापालिकेच्या दवाखान्यात ठेवा म्हणजे भाडेकरूही भरतील. ज्यांनी काहीच कळवलं नाही त्यांना कागदच द्या, कारण न कळवणारेच बहुतेक फोन नीट न वापरणारे असतात. छपाई आपोआप कमी होईलच, पण ज्याला कागद नकोय त्याचा कमी होईल, काकांचा नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पीडीएफच्या वर चार ओळीत तारखा लिहून टाका, फाईल नाही उघडली तरी डोळ्याखालून जातात.

तोवर मी माझ्या खर्चाने पाच प्रिंट काढते, दोन नोटीस बोर्डवर, एक वॉचमनच्या केबिनमधे, एक काकांना आणि एक मावशींच्या सुनेला. ऑक्टोबरची बिलं छापायला जायच्या आत तो फॉर्म तयार व्हावा एवढं महापालिकेला तुमच्या पेपरातून कळवा.

आपली रोजची वाचक,
एक सोसायटी सेक्रेटरी